जावईबापूंची बुरशी

पौष शुद्ध २, संक्रांत

ही वही जावईबापूंनी हैदराबादहून आणली. जाड पुठ्ठ्याची, आत तारखा छापलेल्या, पण सगळ्या निजाम सरकारच्या फसली सालाच्या. आजूर, दै, बहमन. हे महिने कचेरीत चालत असतील, माझ्या स्वयंपाकघरात चालत नाहीत, म्हणून ते खोडून मी तिथी घालणार आहे. माझे वडील गावठी शाळेत मास्तर होते. त्यांनी शिकवलेली अक्षरं आजवर पोथी वाचण्यापलीकडे कशाला कामी आली नव्हती. आता येतील.

मनकर्णा लग्नानंतर पहिल्या संक्रांतीला माहेरी आली, आणि तिच्यामागून तिचे यजमान माणिकराव आले. कुरुंद्याची हळदवाली मंडळी, घर चांगलं. हा एकुलता पोरगा मात्र हळद सोडून हैदराबादला एम.एस्सी. करतो. काय शिकता म्हणून विचारलं तर म्हणाले, "बुरशी, मामी." मला वाटलं थट्टा करतात. मग दिसलं की त्यांच्या पेटीत कपड्यांपेक्षा बाटल्या जास्त आहेत.

संध्याकाळी जहांगीर बागवान तिळगूळ घ्यायला आला. आमच्या मळ्यातले टमाटे तोच गाडीत घालून नांदेडला नेतो. बाळापुरात टमाटे लावणारी पहिली बाई मी. बायका टमाट्याला भेदरं म्हणून नाकं मुरडत होत्या, रंग मांसासारखा दिसतो म्हणत होत्या, तेव्हा ह्याच जहांगीरनं सांगितलं होतं की बाई, लावा, रेलवेचे साहेब लोक हे फळ खातात. आज त्याचा चेहरा उतरलेला होता. म्हणाला, "बाई, ह्या खेपेला अर्धी करंडी नरम पडली. बोट लावलं की पानी निघून राहिलं. नांदेडचा व्यापारी लई बोलला."

मी म्हटलं, असं कसं होईल? माझ्या हातचा माल आहे. प्रत्येक टमाट्याची देठाची हिरवी टोपी काढून, जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्यानं, ओल्या हातानं, एकेक पुसून मी करंडीत ठेवते. धुळीचा कण राहू देत नाही. आरशात पाहावं तसं तोंड दिसतं. असा माल खराब होतोच कसा?

"गोड बोल" म्हणून त्याला तिळगूळ दिला, पण मनात गोड काही आलं नाही.

पौष शुद्ध ५

जावयाला काय आवडतं हे सासूनं ओळखावं. पुरणपोळी केली, ती त्यांनी एक खाल्ली. मग जहांगीरनं परत आणलेली सडकी करंडी दिसली, तर ताटावरून उठून तिच्यापाशी जाऊन बसले. एक टमाटा असा पिलपिलीत झालेला, त्यावर करडी लव आलेली. तो त्यांनी दोन्ही हातांत धरला, जसं लेकरू धरावं. "मामी, केवढी सुंदर आहे!" म्हणाले.

मी मनकर्णेकडे पाहिलं. ती म्हणाली, "माय, ते असेच हायेत."

त्यांच्या मास्तरांनी सांगितलं आहे की आपल्या मुलखातली एखादी सड शोध आणि ती कशानं होते ते लिहून आण. त्यांना ती माझ्या घरी सापडली. आता सुट्टी संपली तरी राहणार म्हणतात. माझ्या स्वयंपाकघराचा उजवा कोपरा, जिथे लोणच्याच्या बरण्या असतात, तिथे सडक्या फळांच्या वाट्या मांडल्या आहेत. दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर मी वाट्यांसकट उकिरड्यावर फेकलं असतं. जावयाला काय बोलणार? "आणखी वाटी हवी का?" एवढंच मी म्हणाले. त्यांनी आणखी पाच घेतल्या.

मालक जेवताना हसून हसून ठसकले. आमचे मालक, म्हणजे तातेराव, तोंडानं कमी बोलतात आणि ठसक्यानं जास्त.

पौष शुद्ध १२, बाजाराचा दिवस

आज बोलून टाकलं. किती दिवस गिळायचं?

दुसरी करंडीही सडून आली होती. मी फडकं आणखी जोरात फिरवलं होतं, दोनदा पुसली होती फळं, तरीही. मग उरलं काय? जहांगीरची गाडी, जहांगीरचं गवत, जहांगीरचे हात. बाजारात त्याच्या दुकानासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "जहांगीरभाई, सड तुमच्या करंड्यांत हाय. माझा माल घरून सोन्यासारखा निघतो."

तो हळू म्हणाला, "बाई, कसम से, गवत मी दर खेपेला नवीन घालतो. घरी बोलू. हितं नका बोलू."

"काहून नको? खरं हाय तर बाजारात बोलायला काय भीती?"

माझा आवाज मुळातच मोठा आहे, त्याला मी काय करू? मिरचीच्या ओळीतले लोक वळून पाहायला लागले. जहांगीरनं खाली मान घातली आणि पेरू रचत राहिला. त्याची बायको खतीजाबी मागच्या पडद्याआडून पाहत होती. 

घरी येताना मला वाटलं होतं की मन मोकळं होईल. तसं फारसं झालं नाही. पण खरं ते खरंच.

पौष पौर्णिमा

ह्या खेपेला जहांगीर नको म्हणून प्रेमसिंग गाडीवाल्याच्या गाडीतून माल पाठवला. गाडी नवी, करंड्या नव्या, गवत आमच्या रानातलं. निम्मा सडला. प्रेमसिंगची गाडी फार आदळते, हे कारण असणार.

पौष वद्य ३

आज जे पाहिलं ते नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

जावईबापूंनी सडके टमाटे पिळून रस काढला. मग हैदराबादहून आणलेल्या पांढऱ्या मातीच्या गाळणीतून तो गाळला. ही गाळणी इतकी बारीक की बुरशीचा धागा काय, तिचं बी सुद्धा पलीकडे जात नाही. खाली स्वच्छ पाणी आलं. मला भिंगातून दाखवलं, त्यात काहीसुद्धा नव्हतं. मग एका चांगल्या कच्च्या काकडीच्या दोन चकत्या केल्या. एकीवर ह्या पाण्याचे थेंब टाकले. उरलेलं पाणी चुलीवर उकळवलं, गार केलं आणि त्याचे थेंब दुसरीवर टाकले. दोन्ही झाकून ठेवल्या.

भाकरी थापून, जेवणं आटोपून आम्ही झाकण काढलं. उकळलेल्या पाण्याची चकती होती तशी कडक. दुसरी मात्र बोट लावताच लापशी झाली. बुरशी नाही, किडा नाही, नुसतं पाणी, आणि काकडी विरघळली!

"बुरशी गेली, पण तिची लाळ राहिली, मामी," जावईबापू म्हणाले. "आम्हाला हैदराबादेत सगळं उर्दूतच शिकवतात. तिथे ह्याला खामिरा म्हणतात. फळ म्हणजे बारीक बारीक खोल्या, आणि खोलीला खोली चिकटवणारा एक चिकट पदार्थ असतो. खामिरा तोच विरघळवतो. खोल्या शाबूत राहतात, पण एकमेकींना सोडतात. म्हणून फळ नरम पडतं. खामिरा उकळला की मरतो."

मी म्हटलं, "म्हणजे भिंत फोडायची न्हाई, विटांमधला चुनाच खाऊन टाकायचा."

 ते म्हणाले, "आमच्या मास्तरांनी पण इतकं सोपं सांगितलं नव्हतं." जावई तोंडपुजे आहेत हे मला ठाऊक आहे, तरी मला बरं वाटलं ते वाटलंच. एका थेंबात एवढी ताकद आहे ह्याचं मला दिवसभर नवल वाटत राहिलं. न चावता, न दात लावता खायचं! देवानं काय काय करून ठेवलंय.

जाता जाता त्यांनी विचारलं, "मामी, ते पुसायचं फडकं आपण रोज बदलता का?"

मी म्हटलं, "छे! ते लुगडं माझ्या लग्नातलं. इतकं मऊ फडकं पुन्हा मिळायचं नाही. कितीतरी दिवस तेच वापरते. सडक्या फळाला लागलेलं पाणीसुद्धा त्यानंच टिपते, म्हणून तर शेजारची फळं स्वच्छ राहतात."

मनकर्णेला एकाएकी खोकला आला. ह्या थंडीत पोरगी कानाला काही बांधत नाही.

पौष वद्य ६

विहिरीवर खतीजाबी दिसली. एरवी ती घागर खाली ठेवून दोन शब्द बोलल्याशिवाय जात नाही. मनकर्णेला गोवर आला होता तेव्हा हीच बाई आमच्या ओट्यावर ठाण मांडून बसली होती. आज घागर भरली आणि सरळ गेली. मी खाकरले, तरी वळली नाही.

मला वाईट वाटलं. पण मी काय करू? मीच जाऊन बोलायचं? चूक त्यांची आणि बोलायचं मी?

पौष वद्य १०

वाईट बातमी. चतुराबाई शिंपीण सांगून गेली की माझं ऐकून बाकीच्यांनीही जहांगीरला माल देणं बंद केलंय. पेरूवाले देत नाहीत, वांगीवाले देत नाहीत. "नर्मदाबाई बोलली म्हणजे उगं बोलली नसंल," असं म्हणतात म्हणे. बाजारात त्याला 'सडका जहांगीर' म्हणून राहिलेत. तो दुकान बंद करून बायकालेकरांसकट मेहुण्याकडं हैदराबादला चाललाय, गिरणीत. माघातल्या दुसऱ्या बाजाराला निघणार. बैल विकायला काढलेत.

माझ्या शब्दाला गावात एवढं वजन आहे हे मला माहीत नव्हतं. एरवी घरात तर कोणी ऐकत नाही.

मालकांना म्हटलं, "मी काय त्याला गाव सोड म्हटलं होतं का?"

ते चिलीम भरत म्हणाले, "न्हाई. तू फकस्त सड म्हणलीस." आणि भिंतीकडे पाहून ओढत बसले. हा माणूस कधी कधी फार कमी बोलतो आणि तेवढंच फार होतं.

रात्रीचं जेवण गेलं नाही. जहांगीरचा दोष असेल तर असेल, पण गाव सोडण्याइतका कुणाचा दोष असतो का? त्याच्या आज्यानं लावलेली चिंच आहे त्या दुकानामागं.

पौष अमावास्या

आता मीच छडा लावणार. जावईबापूंना सांगितलं की तुमच्या पद्धतीनं करू, एकाला थेंब, एकाला नाही, तसं. त्यांना इतका आनंद झाला की उभ्यानंच नाचले.

त्यांनी सुचवलं, "मामी, एक करंडी घराबाहेर न जाता इथेच कोपऱ्यात ठेवू. जहांगीरची गाडी नाही, त्याचं गवत नाही. तीही सडली तर कळेल."

मी म्हटलं, बराबर. आणि माझ्या बाजूनं काही उणं राहू नये म्हणून ती करंडी मी दसऱ्याच्या भांड्यांसारखी लखलखीत पुसली. टोप्या काढल्या, खळग्यात फडक्याचं टोक घालून घालून पुसलं. जावईबापू शेजारी बसून पाहत होते. मध्येच म्हणाले, "मामी, दुसरी एक करंडी, नुसतं बघायला म्हणून, न पुसता ठेवायची का?"

"न पुसता? पाहुणा आला तर काय म्हणंल!"

त्यांनी मान खाली घातली. मनकर्णेनं त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी तिच्याकडे. नवीन लग्न आहे, चालायचंच.

माघ शुद्ध ३

करंडी सडली. कोपऱ्यातल्या कोपऱ्यात, जहांगीरनं डोळ्यांनीही न पाहिलेली.

म्हणजे गाडी नाही. गवत नाही. जहांगीर नाही.

 मग सड घरातच आहे! घरात सड आणणारं काय? एक तर मालकांची चिलीम, धुरानं फळ नरम पडत असणार. दुसरं म्हणजे त्या वाट्या. मी इतकी सडकी फळं स्वयंपाकघरात मांडू दिली, त्यांची बुरशी उडत असणार. पण सड तर जावई यायच्या आधीपासून आहे, म्हणजे चिलीमच. मालकांना सांगितलं तर म्हणाले, "मी चिलीम मळ्यात वढतो, टमाटे घरात हायेत." त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

जावईबापूंना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? ते चष्मा पुसत म्हणाले, "मामी, मला वाटून उपयोग नाही. तुम्हाला दिसलं पाहिजे." केवढा नम्र मुलगा. कुरुंद्याला चांगले संस्कार आहेत.

माघ शुद्ध ५

कावळा शिवला. ह्याच वेळेला शिवायचा होता! बाजूच्या पडवीत घोंगडीवर बसले आहे. वहीला विटाळ नसतो असं जावई म्हणाले, म्हणून लिहिते.

टमाट्यांचा तोडा आजच होता. मनकर्णा आणि जावई दोघांनी करंड्या भरल्या आणि मी लांबून नुसती पाहत बसले. काय सांगू! टमाट्यांच्या टोप्या तशाच. पुसणं नाही, टिपणं नाही. जे फळ चिरलेलं किंवा मऊ दिसेल ते उचलून बाजूला खड्ड्यात. बाकी सगळी धुळीसकट, हिरव्या टोप्या घालून, जशी शेतातून आली तशी करंडीत.

"अगं मनकर्णे, फडकं घे! त्या खुंटीला हाय!"

"माय, सापडंना."

"डोळ्यांपुढं हाय तुझ्या!"

"ते तुझ्या विटाळाचं फडकं हाय, माय. आज आमी शिवलं तर पुन्हा धुवावं लागंल." आणि पाठ फिरवून बसली. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडते की काय, पण जावईही तसेच हलत होते.

एक करंडी कोपऱ्यात ठेवली, बाकी प्रेमसिंगबरोबर गेल्या. अशी अजागळ फळं माझ्या नावानं नांदेडला गेली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माघ शुद्ध ९

न्हाले, घरात आले, आणि पहिल्यांदा कोपऱ्यातली करंडी पाहिली. एकेक टमाटा उचलला. धुळकट. टोपी सुकलेली. आणि दगडासारखा घट्ट. सगळ्या करंडीत एक फळ नरम नव्हतं. प्रेमसिंग आला तो हसतच आला, की व्यापाऱ्यानं विचारलंय, असाच माल आणखी आहे का?

 मी उठून खुंटीवरचं फडकं काढलं. जावई मळ्यात होते, मनकर्णा विहिरीवर.  पाण्यात फडकं भिजवून पिळलं. घोटभर गढूळ पाणी निघालं. ते त्यांच्या मातीच्या गाळणीतून गाळलं, मला आता ते येतं. काकडी चिरली. एका चकतीवर तसेच थेंब, दुसरीवर उकळून. झाकून ठेवलं आणि ज्वारी दळायला बसले. दळताना ओवी आली नाही तोंडात. नुसतं त्या झाकणाकडे लक्ष.

झाकण काढलं. एक चकती कडक. एक लापशी.

मग कळलं. सड माझ्या फडक्यात होती. एका सडक्या फळाची लाळ आणि बुरशीचं बी मी माझ्या हातानं प्रत्येक चांगल्या फळाला लावत होते. टोपी काढून दार उघडून देत होते आणि खळग्यात टोक घालून आत पोचवत होते. जितकी सड वाढली तितकी मी जास्त पुसत होते. लग्नातल्या लुगड्यानं!

मी मोठ्यानं हाक मारली. सगळे आले. मी दोन्ही चकत्या दाखवल्या आणि फडकं दाखवलं. कुणाला नवल वाटलं नाही. एकालाही नाही!

"तुम्हाला ठाऊक होतं?"

मनकर्णा म्हणाली, "माय, त्यांनी फडक्याचं इचारलं तवाच त्यांना कळलं हुतं."

"मग सांगितलं काहून न्हाई?"

जावई खांबाआड अर्धे उभे होते. म्हणाले, "मामी, सासूला कोणत्या तोंडानं सांगणार, की तुमच्या स्वच्छतेनं सड होते? आईनं निघताना बजावलं होतं, सासुरवाडीत कशाला नावं ठेवायची नाहीत. म्हणून म्हटलं, खामिराच सांगेल."

"आणि तुमी?" मी मालकांना विचारलं.

मालक म्हणाले, "मी जावयाला म्हणलं हुतं की तुमचं तुमी बघा. मी हिच्याबराबर वीस वरसं काढून राहिलो, मला आणखी काढायचीयत."

मी चिडले. खूप चिडले. माझी भीड धरून हे सगळे गप्प बसले, आणि तिकडे एक माणूस गाव सोडायला निघाला! त्यांच्यावर ओरडता ओरडता लक्षात आलं की त्यांची भीड मीच कमावलेली आहे. मग ओरडणं थांबलं. माघातला दुसरा बाजार उद्याच आहे.

माघ शुद्ध १०, बाजाराचा दिवस

चूक बाजारात केली, म्हणजे बाजारातच निस्तरायची. घरी जाऊन खतीजाबीच्या कानात सांगितलं असतं तर सोपं होतं, पण कानात सांगितलेलं पेरूवाल्यांना ऐकू जात नाही.

मालक, मनकर्णा, जावई, सगळे बरोबर आले. जहांगीरच्या दुकानासमोर गाडी भरून उभी होती. गाद्या, पेटी, तवा, घडवंची, वर कोंबड्यांचा डालगा. खतीजाबी लेकरांना घेऊन गाडीत बसलेली. विकलेले बैल गिऱ्हाइकानं सामान टेशनावर पोचेपर्यंत ठेवू दिले होते. जहांगीर शेवटचे पेरू विकत होता, पण घेणारं कोणी नव्हतं.

मी समोर उभी राहिले. मी म्हणाले, "जहांगीरभाई, सड तुमच्या करंडीत नव्हती. माझ्या फडक्यात व्हती. मी खोटं बोलले नाही, पण चूक बोलले, आणि ह्या जागी बोलले. मला माफ करा."

तो दुकानातून पुढे आला. पेरू तोलायचा तराजू हातात तसाच. मग म्हणाला, "हितं ऐकू आलं, बाई. पन त्या दिवशी मिरचीच्या ओळीपर्यंत गेलं हुतं."

बरोबर होतं त्याचं. मी मिरचीच्या ओळीत गेले आणि पुन्हा सांगितलं. मग धान्याच्या ओळीत. तिथे एकानं विचारलं, फडक्यात सड असती कशी? मग त्याला लाळेचं सांगावं लागलं, चुन्याचं, काकडीच्या चकतीचं, उकळण्याचं. जावई मागं उभे राहून हळूच "खामिरा, खामिरा" म्हणत होते. चौथ्या ओळीत पोचेपर्यंत माझ्याभोवती गर्दी झाली होती, आणि खरं लिहायचं तर माफी मागायला निघालेली मी आता चांगलीच रंगले होते. एक म्हातारी नरम पडलेलं वांगं घेऊन आली, ह्यालाबी लाळ हाय का म्हणून. कुणी सडका पेरू आणला. एकीनं तर नवऱ्याचं दुखरं बोट पुढं केलं.

जहांगीर गर्दीतून वाट काढत आला. "बस करा बाई! सगळ्या बाजारात सड सड वरडून राहिल्या तुमी. गिऱ्हाइक पळंल ना आमचं!"

"आमचं" म्हणाला तो. मी ऐकलं. मी विचारलं, "म्हंजे जात न्हाई तुमी?"

 पेरूवाला संतराम पुढं आला आणि म्हणाला, "जहांगीरभाई, उद्या तोडा हाय. गाडी लावता का?" मग वांगीवाल्यानं विचारलं. मग मी म्हटलं, "माझ्या करंड्या पयल्या. धुळीसकट."

जहांगीरनं तराजू खाली ठेवला आणि डोळ्यांवरून बाही फिरवली. म्हणाला, "इज्जत गेलेली बाजारात परत मिळत न्हाई म्हणून निघालो हुतो, बाई."   ज्या गिऱ्हाइकानं बैल घेतले होते त्याच्याशी बोलायला संतराम आपणहून गेला.

आम्ही दुकानापाशी आलो तेव्हा खतीजाबी गाडीतच बसून होती. ती माझ्याशी बोलेल की नाही हे मला माहीत नव्हतं, आणि सगळ्या बाजारापेक्षा मला तिचीच भीती वाटत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, जहांगीरकडे पाहिलं. मग डालगा बाजूला सारला, तवा ओढून काढला आणि माझ्या हातात दिला.

"धरा," ती म्हणाली. "घरातलं पीठ मी सकाळीच शेजाऱ्यांना वाटून टाकलं. लेकरं उपाशी हायेत."

मी मालकांकडे वळले. काही सांगावं लागलं नाही. लग्नापासून ज्यांना मी कधी भरभर चालताना पाहिलं नव्हतं, ते आमचे मालक धोतर सावरत घराकडे पिठासाठी पळत निघाले होते.